यशोधरेचा चेहरा

"हलू नकोस! अगदी अशीच राहा!" नीलामावशी ओरडली.

मनाली, प्रबुद्ध आणि श्रुतिका जागच्या जागी थिजले. श्रुतिकाच्या नाकावर माशी बसली होती, तीसुद्धा तिने हाकलली नाही. मग तिघांच्या लक्षात आलं की मावशी त्यांच्याशी बोलतच नव्हती. जमिनीवर पालथी पडून, कॅमेरा डोळ्याला लावून ती समोरच्या गाडीशी बोलत होती!

"मावशी, गाडी बंद आहे," प्रबुद्ध म्हणाला. "ती हलणार कशी?"

"गप रे! आत्ता तिच्या चेहऱ्यावर जे आहे ना, ते ऊन वर चढलं की जाईल."

"बघ गो, मावशी कामातून गेली," श्रुतिका मनालीच्या कानात पुटपुटली. आईचं मालवणी तिच्या तोंडून असं अधूनमधून निसटायचं.

मनाली मुलुंडची. मे महिन्याच्या सुट्टीत ती दहिसरला मावशीकडे आली होती; प्रबुद्ध आणि श्रुतिका तिथले शेजारी. तिला माणसं तोलायची सवय. कोण बोलतं किती आणि त्यातलं करतं किती, हे ती मनातल्या मनात मांडत राहायची. नीलामावशी बोलायची कमी आणि धुळीत लोळायची जास्त, म्हणून ती जमेच्या बाजूला. पोटापाण्यासाठी ती लग्नांचे फोटो काढायची आणि जिवाच्या हौसेसाठी जुन्या गाड्यांचे. त्यातही तिची तऱ्हा निराळी. गाडी धुवायची नाही, पुसायचीही नाही. आधी कॅमेरा बाजूला ठेवून गाडीसमोर नुसतं बसून राहायचं. मग पहिला फोटो अगदी समोरून, सरळ.

"हा तिच्या ओळखपत्राचा फोटो," मावशी म्हणायची. "माणसाचा काढतात तसा. नाक, डोळे, व्रण, सगळं दिसलं पाहिजे."

समोरची गाडी होती फुगऱ्या नाकाची जुनी फियाट. तिला मुंबईकर डुक्कर फियाट म्हणत. पण प्रबुद्धसमोर तसं म्हणायची कोणाची टाप नव्हती.

"तिचं नाव यशोधरा आहे!" तो फणकारायचा. "घरात यशू म्हटलेलं चालतं. डुक्कर म्हणणाऱ्याला मात्र पायी घरी जावं लागेल."

यशू होती प्रबुद्धच्या आजोबांची. अंबादास गुरुजी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. ते रोज सकाळी शेडमध्ये येत, यशूच्या नाकावरच्या चकाकत्या जाळीवर तळहात ठेवत, क्षणभर उभे राहत आणि मग चहाला जात. आजही आले. हात ठेवला. मावशीने तोही फोटो टिपला.

"गुरुजी, इथे दोन खाचा कसल्या?" तिने विचारलं.

जाळीच्या दोन दांड्यांवरचा मुलामा झिजून खालचं पितळ पिवळं दिसत होतं. गुरुजी हसले. "ती आमची राधा, प्रबुद्धची आजी. बुद्धपौर्णिमा असो, जयंती असो, वस्तीतलं कुणाचं लग्न असो, हार तीच बांधायची. यशू थरथरते, दोरा तुटतो. म्हणून ती तारेनं बांधायची. त्याच दोन जागी, इतकी वर्षं. गेली ती, तार राहिली." त्यांनी गाडीचा खण उघडून दाखवला. आत पांढऱ्या रुमालात वाकडीतिकडी तार गुंडाळून ठेवलेली.

मग कोणी विनोद केला नाही. श्रुतिकानेसुद्धा नाही!

*

दोनच दिवसांनी चैतन्य आला. तोही फोटोग्राफर. डोक्यावर काळा गॉगल, अंगात पांढराशुभ्र शर्ट, आणि सोबत नुसती छत्री धरायला एक माणूस.

"सर, मी गाड्यांचा आत्मा टिपतो," तो गुरुजींना म्हणाला. "फुकट फोटो काढतो. गाडी थोडी चकचकीत करून परत आणून देतो. पौर्णिमेच्या मिरवणुकीत लोक बघत राहतील!"

मनालीने त्याला मनात तोलला. बोलणं भरघोस, पण बोलताना त्याने एकदाही यशूकडे नीट पाहिलं नव्हतं. खर्चाच्या बाजूला! पण मावशी एका लग्नाच्या कामाला गेली होती आणि गुरुजी पडले भिडस्त. त्यांनी मान हलवली. यशू गेली.

परत आली तेव्हा सगळी वसाहत गोळा झाली.

"झकास!"

"एकदम नवरी दिसतेय!"

"आरशाची गरज नाही, बॉनेटमध्ये बघून भांग पाडा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी शेडमध्ये आले. हात उचलला, जाळीपर्यंत नेला... आणि तसाच मागे घेतला! चहासुद्धा न घेता ते घरात निघून गेले.

"पाहिलंस?" मनाली कुजबुजली.

"काय?"

"आजोबांनी हात नाही ठेवला."

प्रबुद्ध धावतच यशूसमोर गेला आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "अरे... ही हसत नाहीये!"

"गाडी कधी हसते का, मेल्या?" श्रुतिका म्हणाली. पण मग तिनेही पाहिलं आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "हिचा उजवा डोळा खाली बघायचा ना रे? कडुलिंबावर धडकली होती तेव्हापासून?"

आता दोन्ही दिवे सरळ समोर बघत होते, वर्गात नव्याने आलेल्या मुलासारखे.

मनालीने मावशीच्या खोलीतून ओळखपत्राचा फोटो आणला आणि गाडीशेजारी धरला. जाळी वेगळी. दिवे वेगळे. पुढचा बंपर वेगळा. झेंड्याची काठी लावायचं भोक गायब. खाचा गायब!

"हिचा चेहराच काढून घेतलाय!" मनाली म्हणाली.

प्रबुद्ध घरात धावला. "आजोबा, तुम्हाला माहीत होतं?"

गुरुजी खिडकीशी बसले होते. "बाळा, चकचकीत करा म्हटल्यावर मीच मान हलवली. आता कोणत्या तोंडाने तक्रार करू? जुनं काढून टाकलं असेल भंगारात." त्यांनी शेडकडे पाहिलं. "राधाची खूण मी माझ्या हाताने घालवली."

बुद्धपौर्णिमा परवावर आली होती.

*

यशूला चकचकीत केलं होतं त्या नाक्याजवळच्या गॅरेजमध्ये शिवदासकाका एका गाडीखाली झोपले होते. दिसत होते फक्त पाय. मनालीने पायांनाच विचारलं, "काका, यशूचं जुनं सामान कुठाय?"

"चैतन्यसाहेबांनी नेलं," पाय म्हणाले.

"भंगारात?"

"भंगारात कसलं! गोधडीत गुंडाळून नेलं, तान्ह्या बाळासारखं. भिंतीवर लावणार म्हणत होते. आज पार्ल्यात त्यांचं प्रदर्शन आहे ना. मालकांना विचारलंय म्हणाले."

"आणि तुम्ही आजोबांना विचारलंत?"

पाय हलायचे थांबले. हळूहळू गाडीखालून काकांचं डोकं बाहेर आलं. चेहरा ग्रीसने काळा होता, तरी उतरलेला दिसला. "नाही विचारलं रे पोरांनो. साहेब एवढं ठासून बोलले... वाट लागली!"

"अजून नाही लागली," मनाली म्हणाली. "तुमची अवजारं घ्या आणि आमच्याबरोबर चला."

कामावरून परतलेल्या मावशीने सगळं ऐकून घेतलं. तिने कॅमेरा गळ्यात अडकवला आणि गुरुजींच्या दारात जाऊन उभी राहिली. "गुरुजी, यशूची किल्ली द्या. आणि चपला घाला."

मग काय! मावशी स्टीअरिंगवर, शेजारी गुरुजी, मागे शिवदासकाका आणि तीन पोरं एकमेकांच्या मांडीवर. परका चेहरा लावलेली यशू हायवेवरून थरथरत पार्ल्याकडे निघाली.

"आत गेल्यावर आपण ओरडायचं?" प्रबुद्धने विचारलं.

"मुळीच नाही," मनाली म्हणाली. "ओरडलो तर पोरं म्हणून बाहेर काढतील. त्यालाच बोलू द्यायचं. त्याला बोलायला फार आवडतं."

*

दिवाणखान्यासारखं दालन, थंडगार एसी, हातात सरबताचे पेले घेतलेले लोक. मावशी, गुरुजी आणि शिवदासकाका बाहेर यशूपाशी थांबले; मुलं आत शिरली आणि दारातच खिळली.

भिंतीवर चेहरे टांगले होते!

फोटो नव्हेत, खरेखुरे! जाळ्या, दिवे, बंपर. शिकाऱ्याने वाघाची मुंडकी भिंतीवर लावावीत तशी ओळीने. प्रत्येकाखाली एक चकचकीत फोटो. आणि मधोमध, पिवळ्या प्रकाशात, उजवा डोळा किंचित खाली झुकलेली...

"यशू!" प्रबुद्धचा आवाज फुटला. श्रुतिकाने त्याचं तोंड घट्ट दाबून धरलं.

"आई गं," ती पुटपुटली, "आता ओरडू नको, मेल्या."

मनालीलाही रडू येत होतं. ते गिळून ती सरळ चैतन्यपुढे जाऊन उभी राहिली. त्याच्या शेजारी प्रमुख पाहुण्या रत्नप्रभाताई होत्या. जुन्या गाड्यांचं त्यांना भारी वेड.

"काका, काय सुंदर आहे हो हे! कुठून आणलंत?" मनालीने डोळे मोठे केले.

चैतन्यने तिला ओळखलंच नाही; तो खुलला. मोठ्या माणसांना आपण कोण आहोत हे सांगायला लहान मुलासारखा श्रोता मिळत नाही. "हे? राजस्थानातल्या एका पडक्या महालातून! वाळूत अर्धी गाडलेली होती गाडी. मी स्वतः उकरून काढली!"

"बाप रे!" श्रुतिकाने गालावर हात ठेवले. "एकट्याने?"

"एकट्याने!"

"आणि या दोन खाचा कसल्या?" मनालीने बोट दाखवलं.

चैतन्य क्षणभरच अडला. "गोळ्यांच्या! संस्थानिक शिकारीला जायचे ना. बंदुकीच्या गोळ्या घासून गेल्या."

पाहुण्यांमध्ये "ओहो!" झालं. दोघातिघांनी मोबाइलवर त्याचं बोलणं टिपूनही घेतलं. मनालीला हेच हवं होतं. तिने काचेच्या दाराकडे पाहून मान हलवली.

दार उघडलं. गुरुजी आत आले, मागोमाग मावशी आणि शिवदासकाका. गुरुजींच्या एका हातात वाटेत घेतलेला पांढऱ्या शेवंतीचा हार, दुसऱ्या हातात रुमालात गुंडाळलेली तार. लोक आपोआप बाजूला झाले. त्यांनी कोणाकडेच पाहिलं नाही. भिंतीपाशी जाऊन त्यांनी हार जाळीवर धरला, तार ओवली आणि ओढली.

वाकडीतिकडी तार दोन्ही खाचांमध्ये अशी अलगद बसली, जणू ती तिथेच राहायला होती!

मावशीने ओळखपत्राचा फोटो वर धरला. तीच जाळी, त्याच खाचा, तोच झुकलेला डोळा.

"शिकारीला गेली नव्हती ही," गुरुजी शांतपणे म्हणाले. "आमच्या वस्तीतल्या मुली सासरी पोचवायला जायची."

चैतन्यचा गॉगल डोक्यावरून घसरून नाकावर आला. "हे... मी सरांना विचारलं होतं! त्यांनी मान हलवली होती!"

"म्हणजे राजस्थानच्या वाळूत तुम्हाला आजोबा भेटले?" मनालीने विचारलं.

कोणीतरी खुदकन हसलं. तेवढ्यात कोपऱ्यातून किंकाळी आली. सगळे दचकले. रत्नप्रभाताई एका गोल दिव्यासमोर उभ्या होत्या आणि त्यांच्या हातातलं सरबत साडीवर सांडत होतं.

"हा... हा तर आमच्या मॉरिसचा दिवा! ही चीर माझ्या मुलाच्या चेंडूने पडलेली! आणि मघापासून मी याचंच कौतुक करतेय!"

तशी सगळ्या पाहुण्यांची एकच धांदल उडाली. जो तो आपापल्या ओळखीच्या गाडीचा चेहरा शोधू लागला. चैतन्य भिंतीला टेकला. "मला वाटलं कुणाच्या लक्षात येणार नाही," तो पुटपुटला. "लोकांना चकचकीतच आवडतं ना."

"तुला तसं वाटलं," मावशी म्हणाली, "कारण तू या गाड्यांसमोर कधी बसलाच नाहीस."

शिवदासकाकांनी तोवर पाना काढला होता. "सरका साहेब. माझी चूक मला निस्तरू द्या." पार्ल्याच्या त्या रस्त्यावर, जमलेल्या गर्दीसमोर त्यांनी यशूला तिचा चेहरा परत बसवला. चैतन्यला दिवा धरायला लावला! प्रत्येक गाडीचा चेहरा त्याने स्वतः नेऊन परत लावायचा, हे रत्नप्रभाताईंनी तिथेच त्याच्याकडून सगळ्यांसमोर वदवून घेतलं.

*

पौर्णिमेच्या सकाळी विहारासमोर पांढऱ्या कपड्यांतली सगळी वसाहत जमली. "आम्हाला तेव्हाच शंका आली होती!" असं आता बरेच जण म्हणत होते, आणि "नवरी दिसतेय" म्हणणारे त्यात सर्वांत पुढे. मनालीने त्यांना मनात बरोबर जागेवर मांडून ठेवलं.

गुरुजींनी तिघांना जवळ बोलावलं. "शाळेत आयुष्यभर मुलांना सांगत आलो, नीट बघा. नीट बघणारी मुलं मला निवृत्तीनंतर भेटली." यशू चालवणार होते शिवदासकाका; त्यांनी तिघांना मिरवणुकीत पुढच्या सीटवर बसायचा मान दिला. श्रुतिकाच्या आईने तर घावन्यांचा डबाच आणला होता. तो प्रबुद्धने मिरवणूक निघण्यापूर्वीच अर्धा संपवला.

"आता ओळखपत्राचा नवा फोटो," नीलामावशी म्हणाली आणि तिने कॅमेरा मनालीच्या गळ्यात घातला.

"मी?"

"चेहरा कोणाच्या लक्षात राहिला होता?"

मनाली नवा फ्रॉक सांभाळायचं विसरून धुळीत पालथी पडली. समोर यशू, एक डोळा खाली झुकवून, मिश्कील. गुरुजी हार बांधत होते. तार खाचांमध्ये बसली आणि त्यांचा तळहात जाळीवर टेकला.

"हलू नका!" मनाली ओरडली. "दोघंही!"