मुर्रीच्या कमानीची फटफटी

केशोरावांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते फटफटीवर बसलेले नव्हते, फटफटी ओढत आणत होते. गळ्यात दुपट्ट्याने बांधलेली लाकडी पेटी, तोंडभर धूळ, आणि मागचं मडगार्ड एका बाजूने तुटून टायरवर घासत होतं… घर्र, घर्र. मी हसले. हसू दाबून ठेवायची सवय मला तेव्हाही नव्हती.

छप्पन सालची दिवाळी नुकतीच झाली होती. आमच्या मुर्री गावच्या खळ्याखळ्यांत नवा धान येऊन पडत होता आणि सकाळचं दंव उन्हं वर येईपर्यंत हटत नव्हतं.

"मनिराम कारागीर घरी आहेत का?"

"आहेत. झोपले आहेत. कायले पाहिजे?"

"हे मडगार्ड…" ते म्हणाले आणि थांबले. मी त्यांच्याकडे पाहत नव्हते, चाकाकडे पाहत होते. ते मात्र माझ्याकडेच पाहत होते, हे न बघताही कळत होतं.

"हिले मागे कमान नाही का? टांग्याच्या चाकाले असते तशी, झटका झेलणारी?"

"नाही. लष्कराच्या लिलावातली आहे. मागचं चाक सिधं सांगाड्यात आवळलेलं. खड्डा आला का चाकाआधी मीच उडतो."

"अन् पेटीत काय आहे?"

पेटीत बुळकांडीची, ढोरांच्या साथीच्या रोगाची, लस होती. केशोराव ढोरांच्या दवाखान्यात नोकरीला होते आणि चिचगडकडच्या जंगलातल्या गावांत जाऊन बैलांना सुया टोचत. लस बर्फात ठेवलेली, काचेच्या कुप्यांत.

"बारा कुप्या घेऊन निघतो," ते म्हणाले, "चिचगडले सात पोचतात. बाकीच्या पाच कुप्यांचे बैल कोणी वाचवायचे?"

हे त्यांनी हळू सांगितलं, पण मला ते लागलं. बुळकांडीने रिकामा झालेला गोठा मी पाहिला होता. मी म्हटलं, "गाडी ठेवून जा. नुसतं मडगार्ड नाही, मागची कमानच करून देऊ."

देऊ म्हटलं खरं, पण देणारी मी एकटीच होते. बाचा, म्हणजे मनिराम कारागिराचा, उजवा हात तीन वर्षांपूर्वी गेला. दुखायचा नाही, पण घण उचलायचा नाही. तेव्हापासून बांबूच्या तट्ट्याच्या आड ऐरणीवर मी बसायची आणि गिऱ्हाइकांशी बा बोलायचा. काम मनिरामचं, असंच सगळी मुर्री समजत होती. बा मुद्दामच तसं समजू द्यायचा, कारण माझी आत्या मंदाबाई हिने तिरोड्याचं एक स्थळ आणलं होतं. घर लोहाराचंच, पण त्यांना सून ऐरणीवर बसणारी नको होती. मी घण मारते हे कळलं असतं तर बोलणी तिथेच मोडली असती.

केशोराव गाडी ठेवून गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. तिसऱ्याही दिवशी. रोज काहीतरी निमित्त… पाना विसरला, दुपट्टा राहिला. शेवटी एकदा तट्ट्याच्या आड डोकावले आणि घण माझ्या हातात पाहून तिथेच उभे राहिले.

"मले पहिल्याच दिवशी वाटलं होतं," ते म्हणाले. "तुझे डोळे चाकावरून हालत नव्हते."

"कोणाले सांगू नोका."

"नाही सांगत. पण मनाले बरं नाही वाटून राहिलं."

"काऊन?"

"काम एवढं साजरं, अन् नाव दुसऱ्याचं."

मी म्हटलं, "उभे कायले आहात? भाता ओढा." त्यांनी चिमटा उचलला, तोही उलटा. मला हसू आवरेना. चिचगडला त्यांचे वडील नांगराचे फाळ घडवत, असं त्यांनीच सांगितलं होतं, म्हणजे हे आमच्याच जातीतलं, लोहाराचं पोर.

"बापानं शिकवलं नाही का?"

"शिकवलं न. हात पोळला, मंग शाळेत पाठवलं."

आजही कोणी विचारलं तर मी त्या कामाची एकेक गोष्ट सांगू शकते, आणि मान वर करूनच सांगते. सांगाड्याचा मागचा भाग मी कापला. चाकासाठी दोन हातांचा नवा चिमटा घडवला आणि त्याची खीळ पुढच्या दातेरी चाकाला लागूनच बसवली, म्हणजे चाक वर गेलं तरी साखळी ढिली पडायची नाही. दोन्ही बाजूंना मोडक्या टांग्याच्या कमानी कापून लावल्या, एकेका कमानीत पाच पाटे, पोलादाच्या पट्ट्या. चाक आता वरखाली होणार, म्हणून जुनं मडगार्ड काढून नवं ठोकलं, दोन बोटं रुंद आणि टायरपासून चार बोटं वर. सागाच्या ओंडक्यावर ठेवून पत्रा हळूहळू वळवत गेले, तर एकही सुरकुती पडली नाही. केशोरावांनी त्यावरून हात फिरवला तेव्हा मला वाटलं, पाठ माझीच थोपटली.

कमान किती कडक ठेवायची हे वजनाने ठरवायचं होतं. केशोराव बैलगाडीने चिचगडच्या फेरीवर गेले होते, म्हणून त्यांचं आणि पेटीचं वजन धरून मी खळ्यावरून धान आणला, कुडो या धानाच्या मापाने मोजून पोत्यांत भरला आणि पोती गाडीवर ठेवली. पाच पाटे अगदी बरोबर बसले. केशोराव परतले आणि गाडी घेऊन गेले.

तिसऱ्या दिवशी गाडी परत आली. केशोरावांनी पेटी उघडून दाखवली. आत सहा कुप्या फुटल्या होत्या… आधीपेक्षा एक जास्त.

अंगणात आत्या बसली होती, तिरोड्याचा निरोप घेऊन. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवशी ते लोक मला पाहायला येणार होते. बा उठला, डाव्या हाताने उजवा उचलून केशोरावांसमोर हात जोडले. "चूक माझी झाली, बाबू. म्हातारा झालो मी."

बाची ती वाकलेली मान मला सहन झाली नाही.

"चूक बाची नाही," मी म्हटलं. "कमान म्या केली. चूक माझी आहे."

आत्याने पानाचा विडा तोंडाजवळ नेला होता, तो तिथेच राहिला. मी खाली बसून पाटे पाहू लागले. दाबलेच गेले नव्हते. मग लक्षात आलं. खळ्यावरचा नवा धान, तोही पहाटेच्या दंवात भिजलेला. महिनाभर वाळवलेल्या धानाच्या मापात तो कितीतरी भारी. लहान पोराला कळावी अशी गोष्ट, आणि घाईत मी पाणी तोलून बसले होते, म्हणून कमान केशोरावांच्या वजनाला फार कडक झाली होती.

दोन्ही बाजूंचा एकेक पाटा काढला. "आता मी मागे बसून पाहते," मी म्हटलं. "चालत्या गाडीत कमान कशी दबते ते बसल्याशिवाय समजत नाही."

"लग्नाची पोरगी," आत्या म्हणाली, "परक्या माणसाच्या मागे बसंल?"

बा माझ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "जा, रुख्मा."

मडगार्डवर गोणपाटाची घडी टाकून मी बसले. गाडी निघाली तशी धानाचा गोड वास अंगावर आला.

"घट्ट धर," केशोराव म्हणाले.

"कायले धरू?"

"जे जवळ असंल ते."

मी पेटी धरली. मानेवरून कळत होतं, ते हसत होते. मग त्यांनी मुद्दामच गाडी बैलगाडीच्या चाकोरीत घातली. मी वाकून पाहत होते. चाक उसळायचं, पाटे दबायचे, पुन्हा उघडायचे, आणि माझ्या हातातली पेटी नुसती डुलायची. तिसऱ्या खड्ड्याला माझा दुसरा हात त्यांच्या खांद्यावर होता. तो तिथे कधी गेला ते मला ठाऊक नाही… आणि काढलाही नाही.

मुर्रीची मंडई भरली त्या दिवशी केशोराव चिचगडहून परतले. बाराच्या बारा कुप्या पोचल्या होत्या. हे त्यांनी आधी मला सांगितलं, मग बाला, मग ऐकेल त्याला. फटफटीभोवती गर्दी जमली. लोक मागचं चाक हलवून पाहत होते. तेवढ्यात आत्या तिरोड्याच्या पाहुण्यांना घेऊन आली. मुलाचे काका हिरालाल पुढे झाले, कमान निरखून पाहिली.

"काम झकास आहे, मनिराम. तुमच्याच हातचं न?"

आत्या बाला डोळ्यांनी विनवत होती. एक 'हाव' म्हटलं की माझं लग्न ठरत होतं.

"माझा हात तीन वर्षांपासून उचलत नाही," बा म्हणाला. "हे माझ्या रुख्मानं केलं. याच्याआधीचंही तिनंच केलं."

हिरालाल कमानीपासून मागे सरले. "मंग लग्नानंतर सोडावं लागंल."

"नाही सोडत जी," मी म्हटलं.

ते गेले. आत्या डोळ्यांना पदर लावून त्यांच्या मागे गेली. केशोराव पुढे आले. बैलांना सुया टोचणारा माणूस, पण घाम फुटला होता.

"काकाजी, बाबा गेल्यापासून चिचगडले आमची ऐरण तशीच पडून आहे. मले तं चिमटाही धरता येत नाही, हे रुख्माले ठाऊक आहे. पण तिच्याइतकी मले… म्हणजे तिच्याशिवाय आता…"

"तिले विचारा," बा म्हणाला.

ते माझ्याकडे वळले आणि शब्द विसरले. "लवकर विचारा," मी म्हटलं, "लोक पाहून राहिले."

"येशील का?"

"येईन. पण रेंगीत बसून नाही येत."

मार्गशीर्षात आमचं लग्न झालं. पोरी सासरी बैलांच्या रेंगीत बसून जातात, मी फटफटीवर गेले, स्वतः ठोकलेल्या मडगार्डवर बसून, हिरव्या लुगड्याचा पदर कमरेला खोचून. बा रस्त्याच्या कडेला उभा होता. रडत होता, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला, कोणी विचारलं नसतानाही, थांबवून सांगत होता, "ते कमान माझ्या पोरीनं केली. माझ्या रुख्मानं केली."