बांधावरची हाक

तपासणीचा रिपोर्ट आणायचा म्हणजे काय मोठंसं काम? गंगापूर रोडच्या दवाखान्यात जायचं, लिफाफा घ्यायचा आणि मखमलाबादच्या मळ्यात परत यायचं. अमोल झेंडूचे क्रेट घेऊन मार्केटला गेला होता, म्हणून त्या शुक्रवारी त्याची बायको सृष्टी एकटीच गेली. पण लिफाफा न उघडताच ती तो घेऊन डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरली.

चार वर्षांत तिची तीन बाळं पोटातच गेली होती. तिन्ही तिसऱ्या महिन्यात. आणि आता पुन्हा सात आठवडे झाले होते, पण ते तिनं घरात कुणाला म्हणता कुणाला सांगितलं नव्हतं. तीनदा गोड बातमी सांगून हात पोळले होते ना!

डॉक्टरीणबाईंनी कागदावर अमोलच्या घरच्यांची वंशावळ काढली होती. गेलेल्या गर्भाला एक छोटा त्रिकोण. सृष्टीच्या नावाखाली तीन त्रिकोण होते.

"अमोलच्या दोन गुणसूत्रांचे तुकडे एकमेकांच्या जागी जाऊन बसलेत," त्या म्हणाल्या. "त्याला स्वतःला काही त्रास नाही. पण गर्भाला कधी एखादा तुकडा जास्त जातो, कधी कमी. मग तो टिकत नाही. यात दोष कुणाचाच नाही. सासूबाईंच्या रक्तातही हेच दिसलंय. त्यांचे किती गेले?"

"एकही नाही म्हणतात."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "सगळेच जातात असं नाही. अमोल राहिला. हाही राहू शकतो. दहा दिवसांनी, सोमवारी सोनोग्राफीला ये."

बसमध्ये सृष्टीचं डोकं नुसतं भणभणत होतं. चार वर्षं सासूचं एकच पालुपद: "आमच्या घरात असं कधी झालं नाय. तुझ्या माहेरचंच कायतरी हाय." आणि हिनं ते खाली मान घालून ऐकलं होतं!

मळ्यात पोचली तेव्हा तिन्हीसांज झाली होती. पाणी दिलेल्या मातीचा आणि झेंडूचा उग्र वास दाटून आला होता. सासू, नवसाबाई, रोजच्यासारखी बांधाच्या टोकाला उभी राहून ओरडत होती, "चला रे बाळांनो... घरी चला."

वासरं विकून दोन वर्षं झाली होती. म्हातारीची जुनी सवय, असं सगळे म्हणायचे.

"आई, तुमची किती गेली?"

नवसाबाईनं वळून लिफाफ्याकडे पाहिलं. मग मटकन खालीच बसली.

"पाच... ह्या बांधाखालीच हायेत. लेकरू घेऊन रानातून निघताना बाई त्याच्या नावानं हाक मारते ना, जीव मागं राहू नये म्हणून? ह्यांना नावं नव्हती. म्हणून सगळ्यांना मिळून एकच हाक मारते. फकस्त अमोल पोटात होता तवा नऊ महिने मारली नाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मला वाटलं माझंच पाप हाय. ते तुझ्या माथी मारलं गं पोरी."

का नाही मारली, हे सृष्टीनं तेव्हाच विचारायला हवं होतं. पण तिच्या मनात सासूचं नावच घोळत होतं. नवसाबाई म्हणजे नवसानं झालेली. म्हणजे हिच्या आधी हिच्या आईचीही गेली असणार! इतक्या वर्षांचा सगळा राग तिथंच विरघळला.

"पाप नाही आई. रक्तातलं आहे."

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. मोकळ्या झाल्या.

"तुझ्या तिघांना तू मार हाक," नवसाबाई हळूच म्हणाली. "ओ देत्यात ते."

सृष्टीनं हाक मारली. "चला रे बाळांनो... घरी चला..."

वारा पडला. पानही हलेना. मग झेंडूच्या ओळींतून बारीकसा आवाज आला. "ओ." मग दुसरा. तिसरा. सृष्टी रडत रडत मोजत होती... सात... आठ.

मग नववा आला. तो शेतातून आला नाही. अगदी जवळून आला... तिच्या पदराखालून.

"माझी पाच, तुझी तीन..." नवसाबाईचा आवाज चिरकला. "सृष्टी, ह्यो कुनाचा?"

सृष्टीचा हात पोटावर गेला.

"अगं माझे बाई! पोटात असताना हाक मारत नसत्यात गं! त्यालापन वाटतं, आपल्यालाच बोलावतायत... सांगायचं तरी!"

त्यानंतर त्या घरात कुणी कुणाला हाक मारली नाही. अमोललासुद्धा जवळ जाऊन, खांद्याला हात लावून जेवायला उठवायचे. तरी रोज तिन्हीसांजेला 'ओ' यायचाच. सृष्टी पोट दोन्ही हातांनी धरून बसायची. "नाही रे राजा, तुला नाही बोलावलं. तू इथंच थांब," असं विनवायची.

बुधवारपर्यंत तो पदराखालूनच येत होता. गुरुवारी उंबऱ्यातून आला. शनिवारी अंगणातून.

काल रविवार होता. सोनोग्राफी आज आहे. काल तिन्हीसांजेला सासू-सुना दारं-खिडक्या लावून, श्वास रोखून बसल्या होत्या. घरात काही ऐकू आलं नाही. मग लांब बांधाकडून एकामागून एक 'ओ' आले. सृष्टीनं ते बोटांवर मोजले.

नऊ होते.