कापशीचे जांभळे पाय

"पाडव्याचा रंग हाय तो. उगं डोकं खाऊ नको," कल्याण म्हणाला.

"पाडव्याला मी पिवळा लावल्ता," अंजू म्हणाली. "हा जांभळा हाय. डोळे उघडून बघ की जरा."

कल्याण आणि त्याची बहीण रेणुका दिवाळीच्या सुटीत बदनापूरहून धावड्याला मामाकडे आली होती. अंजू ही मामाची मुलगी. पाडव्याला इथे मेंढरं रंगवतात, त्यामुळे मेंढीच्या अंगावर रंग दिसला तर मोठी माणसं वळूनही बघत नाहीत. त्यातून आजोबांचा, म्हणजे आबारावांचा, सगळा कळप काळा. पांढरं कोकरू एकच, अंजूची कापशी. तिचे पाय गुडघ्यापर्यंत जांभळे झाले होते आणि परवापासून तिने पाल्याला तोंड लावलं नव्हतं. डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले होते, पण कापशी मान टाकून पडली होती आणि अंजूचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"रंग कुणी लावला असता तर पाठीवर लावला असता," रेणुका म्हणाली. "गुडघ्यापर्यंतच का? ही कुठंतरी पाण्यात उभी राह्यली असंल."

"ओढ्यात," अंजू पुटपुटली.

ओढ्याचं पाणी तर नेहमीसारखंच गढूळ दिसत होतं. पण अंजू धनगराची पोर. पांढरी लोकर कुठलाही रंग पिऊन टाकते हे तिला पाळण्यात असल्यापासून ठाऊक. कापशीच्या आईची थोडी पांढरी लोकर घरात उरली होती. तिघांनी तिचे झुबके केले आणि ओढ्याच्या काठाने वर जात झुडपांना असे बांधले की ते पाण्यात बुडून राहतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं बघायला निघाली. गावाजवळचा झुबका जांभळा. त्याच्या वरचा जांभळा. त्याच्याही वरचा गडद जांभळा. मग गावातल्याच अप्पारावांची पत्र्याची शेड लागली आणि शेडच्या पलीकडचा झुबका निघाला पांढराशुभ्र.

"घावला!" कल्याण ओरडला आणि रेणुकाने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

शेडमागे कारखान्यातून आलेले रंग-रसायनांचे जुने ड्रम धुणं चाललं होतं. जांभळं पाणी डबक्यात साचत होतं आणि तिथून ओढ्यात उतरत होतं. अप्पाराव माणूस वाईट नव्हते. गणपतीत सगळ्या पोरांना पेढे वाटायचे. फक्त आपल्या कुंपणाबाहेर बघायची त्यांना सवय नव्हती.

"जरासं तर पाणी हाय," ते हसून म्हणाले. "ओढा नेतो वाहून. काही होत न्हाई."

"मंग तुमचा बैल शेडच्या वरच्या अंगाला का पाणी पितो, अप्पामामा?" अंजूने विचारलं. "खाली का न्हाई सोडत त्याला?"

अप्पारावांचं हसू मावळलं.

मामाने तक्रार केली. तालुक्याहून अधिकारी आले. त्यांनी पाणी बाटलीत घेतलं, झुबके बघितले आणि पोरांची पाठ थोपटली. "धुणं आजच बंद करायला लावतो," ते म्हणाले. "पण एवढ्याशा शेडला मी ताकीद देऊ शकतो, फार तर. उद्या दुसरा कुणी दुसऱ्या ओढ्यावर हेच करील. कायदाच मवाळ आहे, बाळांनो."

"कायदा कोण करतं?" रेणुकाने विचारलं.

"दिल्लीत होतो. तुमचे खासदारही तिथेच बसतात."

खासदार तर रविवारी धावड्यालाच येणार होते. नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं आणि रिवाजाप्रमाणे घोंगडी देऊन त्यांचा सत्कार आबारावांच्या हातून व्हायचा होता. घोंगडीही साधीसुधी नव्हती. कापशीच्या आईची लोकर वर्षानुवर्षं साठवून आबांनी ती विणून घेतली होती. दुधासारखी पांढरी. ती आई आता नव्हती.

पोरांच्या मनात काय आहे ते सांगायला कुणाची जीभ रेटेना. शेवटी अंजूनेच सांगितलं. आबा कापशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"भिजवा घोंगडी त्या डबक्यात," ते म्हणाले. "पण अर्धीच. अर्धी पांढरी राहू द्या. म्हंजे काय गेलं ते कळंल."

रविवारी व्यासपीठावर आबांनी घोंगडी उलगडली. सभेत कुजबुज झाली. पुढच्या रांगेतल्या अप्पारावांनी मान खाली घातली.

"आबा, ही अशी दुरंगी कशी?" खासदारांनी विचारलं.

अंजू पुढे झाली. "साहेब, पांढरी बाजू शेडच्या वरच्या पाण्याची. जांभळी खालच्या पाण्याची. आमचं गाव खाली हाय."

तिने घोंगडीच्या जांभळ्या भागावर बोट ठेवलं.

"आमचं कोकरू उठंना झालंय," ती म्हणाली. "आमच्या ओढ्याचं धुणं थांबलं. पण सगळ्या देशातले ओढे कोण राखणार? तिथं आमची लोकर कशी पुरंल? तुम्ही सगळ्यांनी मिळून कायदा कडक करा ना."

कार्यकर्ता घोंगडी उचलायला धावला. खासदारांनी त्याला थांबवलं आणि ती वास मारणारी घोंगडी स्वतःच खांद्यावर घेतली.

"एकट्याने कायदा होत नाही, बाळ," ते म्हणाले. "पण मागता येतो. मागायला उभा राहीन तेव्हा ही खांद्यावर असेल. येऊ दे वास सगळ्यांना."

सभा सुटल्यावर अप्पाराव आबांकडे आले. "डबकं मी उपसून घेतो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "चुकलंच माझं. पोरं शहाणी निघाली तुमची."

"शहाणी कसली! माझ्या घोंगडीचं वाटोळं केलं," आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी तिघांनाही जवळ ओढलं. "असंच वाटोळं करीत राहा रे लेकरांनो."

संध्याकाळी अंजूने नेहमीप्रमाणे बाभळीचा पाला पुढे धरला, फारशी आशा न ठेवता. कापशीने हुंगलं, मान उचलली आणि एक पान ओढलं.

"अंजू," कल्याण हळूच म्हणाला, "ती खाऊन राह्यली."

अंजूने दुसरी डहाळी पुढे केली.