आबाजींची चौसष्टावी काचपट्टी

एक माणूस तीन वर्षांत गाव सोडून कुठे गेला नाही. त्या गावातही तीन वर्षांत कुणाला हिवताप आला नाही. मग त्या माणसाला हिवताप आला कुठून? करा विचार. मी अकरा वर्षांची असताना हे कोडं आमच्याच घरात पडलं होतं, आणि तो माणूस म्हणजे माझे आबाजी, वडिलांचे वडील.

आमचं कोसमटोला गडचिरोलीच्या जंगलात आहे. आबाजी तरुणपणी तिथे हिवताप कर्मचारी होते. सायकलला पत्र्याची पेटी बांधून घरोघर जायचे, ताप आलेल्याच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचे. त्या पेटीला अजून स्पिरिटचा वास येतो. हसा हवं तर, पण मला तो वास फार आवडतो.

माझ्या लहानपणी हे काम टिटवी करायची. टिटवी म्हणजे आमच्या उपकेंद्राचा यंत्रमानव. लांब काटकुळ्या पायांवर तुरुतुरु चालायची म्हणून गावानं ठेवलेलं हे नाव. गावात सलग तीन वर्षं एकालाही नव्यानं हिवताप झाला नाही, तर कोसमटोला हिवतापमुक्त ठरणार होतं. टिटवी रोज फलकावर उरलेले दिवस लिहायची. अकरा दिवस उरले होते, आणि आबाजी थंडीनं कुडकुडायला लागले.

टिटवीनं थेंब तपासला. "रक्तात परजीवी (दुसऱ्याच्या शरीरात राहून जगणारे सूक्ष्म जीव) आहेत. मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून करावी लागेल."

मी तिच्यावर भडकलेच. "गावात डास तर रोज चावतात. मग आजवर कुणाला का नाही झाला?"

"डास हिवताप घेऊन जन्माला येत नाही, चैती," टिटवी म्हणाली. "डासाची मादी आजारी माणसाला चावली की परजीवी तिच्या पोटात जातात, तिथे वाढतात. मग ती दुसऱ्याला चावली की त्याच्या रक्तात उतरतात. माणूस, डास, पुन्हा माणूस, अशी साखळी असते. गावात कुणाच्याच रक्तात परजीवी नसले, तर डास नुसताच चावतो. साखळी अशी कायमची तोडणं म्हणजे निर्मूलन (मुळासकट संपवणं)."

"मग आबाजींना कुणाकडून आला?"

"तेच कळत नाही. गेल्याच आठवड्यात गावातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं, कुणाच्याच रक्तात काही नव्हतं. पण हे परजीवी दर चौथ्या दिवशी ताप आणणाऱ्या जातीचे आहेत. औषध अर्धवट सोडलं, तर ते रक्तात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतात, इतके थोडे की तपासणीत दिसत नाहीत आणि सहसा डासाच्या पोटातही जात नाहीत. आबाजी, तुम्हाला पूर्वी कधी हिवताप झाला होता? जुन्या नोंदींत तुमचं नाव नाही."

"नाही," आबाजी म्हणाले आणि भिंतीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पेटी आणायला सांगितली. तळाशी कागदात गुंडाळलेली एक काचपट्टी होती. तिच्यावर नाव नव्हतं.

"ही माझी," ते म्हणाले. "अडतीस वर्षं झाली. तेव्हा घरांच्या भिंतींवर औषध फवारायचो. डास रक्त पिऊन भिंतीवर बसतो आणि त्या औषधानं मरतो. पण बाया पोळ्याच्या आधी भिंती सारवायच्या, अन् औषध मातीखाली जायचं. मी घरोघर ओरडत फिरायचो, सारवू नका म्हणून. अन् त्याच पोळ्याला माझ्या घरी पाहुणे येणार होते. भिंतीवरचे पांढरे डाग बरे दिसेनात. मीच माती कालवून दिली तुझ्या आजीला."

"आणि ताप तुम्हालाच आला?"

"मलाच. कोणत्या तोंडानं सांगणार होतो? नोंद केली नाही. दोन गोळ्या घेतल्या, बरं वाटलं, बाकीच्या टाकून दिल्या. काचपट्टी मात्र फेकवली नाही."

मला त्यांचा राग यायला हवा होता. पण मला नुसतं रडू येत होतं. ती काचपट्टी मी टिटवीकडे नेली.

टिटवीनं वाळलेल्या थेंबातला आणि ताज्या थेंबातला डीएनए (जिवाच्या घडणीचा आराखडा) ताडून पाहिला. "जुळतोय. हा ताप अडतीस वर्षांपूर्वीचाच आहे, नवा नाही. मोजणी चालू राहील." या वेळी आबाजींची प्रत्येक गोळी मी समोर बसून त्यांना गिळायला लावली.

उरलेले दिवस संपले आणि फलकावर शून्य लागलं. सगळा गाव जमला होता. कुणी विचारलं नव्हतं, तरी आबाजी उभे राहिले आणि मातीची गोष्ट त्यांनी स्वतःच सांगितली. म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. एक आबाजींना म्हणाली, "मेंगू, आम्हाला किती बोलला होतास रे!"

आबाजीही हसले. मग म्हणाले, "टिटवी, त्या वर्षीचा आकडा काढ."

"चारशे वस्तीत त्रेसष्ट रुग्ण."

"चौसष्ट कर."

"चौसष्ट. म्हणजे हजारी दर (दर हजार माणसांमागे रुग्ण) एकशे साठ," टिटवी म्हणाली. "लहानमोठ्या गावांची तुलना या दरानं होते."

"अन् आज?" आबाजींनी विचारलं.

"शून्य."

आज मी हिवतापाचीच संशोधक आहे. अजून काही प्रदेशांत तो दर शून्यावर यायचा आहे, आणि येईल. नव्या गावात गेले की मी आधी आबाजींची गोष्ट सांगते आणि मग विचारते, "कुणाचा ताप सांगायचा राहून गेलाय का?" मग कुणीतरी हळूच बोट पुढे करतं.