तिसरा ठोका

ही गोष्ट खरी आहे. पटली तर माना, नाही पटली तर सोडून द्या. मी ती सिद्ध करायला बसलेलो नाही.

भुताच्या गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

मागच्या वर्षी मे महिन्याची एकोणीस तारीख. सोमवार. दुपारचे दोन. जागा आमच्या आष्टी तालुक्यातली, तळेगाव श्यामजीपंतच्या पुढे, जिथे धरणाचं पाणी शेतांत शिरलेलं आहे तो काठ.

त्या वेळी काठावर मी एकटा होतो.

निदान मला तसं वाटत होतं…

माझं नाव रूपराव. वय सहासष्ट. मी आणि माझा मोठा भाऊ कवडू, आम्ही तीस वर्षं त्या पाण्यावर नाव चालवली. पत्र्याची नाव. मासे धरायचे आणि पलीकडे ज्यांची शेतं राहिली त्यांना ने-आण करायची. पाण्यातून अर्धा तास. पुलावरून फिरून जायचं तर सत्तावीस किलोमीटर.

आधी वल्ही होती. मग एका शेतकऱ्याच्या विहिरीवर वीज आली आणि त्याचं पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन रिकामं पडलं. ते आम्ही आणलं आणि नावेच्या मधोमध बसवलं. इंजिनाच्या चाकावरून पट्टा, पट्ट्यावर शाफ्ट, आणि शाफ्ट मागच्या भोकातून पाण्यात. टोकाला पंखा. सगळं हातानं केलं. कोणी शिकवलं नाही.

या इंजिनाच्या डोक्यावर एक छोटी कळ असते. ती वर केली की आतली हवा मोकळी होते आणि हँडल हलकं फिरतं. हँडलला वेग आला की कळ खाली पाडायची. मग इंजिन धूर सोडून सुरू होतं.

मी हँडल फिरवायचो. कवडू कळ धरायचा. मी म्हणायचो, "सोड." तो सोडायचा.

पंख्यात जाळं गुंतलं की तो विळा आणि एक पाना घेऊन खाली बुडी मारायचा. त्याचा दम माझ्यापेक्षा दुप्पट होता. खालून बोलता येत नाही म्हणून आमचे ठोके ठरलेले होते. पान्यानं पत्र्यावर मारायचे.

एक ठोका म्हणजे थांब.

दोन म्हणजे शाफ्ट थोडा फिरव.

तीन म्हणजे मी वर आलो, माझं झालं.

तीन ठोके ऐकल्याशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही. आणि तो खाली असताना पट्टा काढून ठेवायचा. शाफ्ट हातानं फिरवायचा. हा नियम त्याचाच होता.

आता ज्या दिवशी तो गेला त्या दिवसाचं सांगतो.

त्याला आता चार वर्षं झाली. मार्च महिना होता. पंख्यात नायलॉनचं जाळं गुंतलं. कवडू खाली गेला. पट्टा मी त्याच सकाळी मोठ्या मेहनतीनं ताणून बसवला होता. तो परत काढायचं माझ्या जिवावर आलं. कंबर दुखत होती.

खालून दोन ठोके आले.

मी शाफ्टाला हात लावायला वाकलो नाही. कळ वर केली आणि इंजिनाच्या हँडलनं फिरवलं. तसं केलं तरी पट्ट्यामुळे शाफ्ट फिरतोच. उभ्यानं होतं. कष्ट कमी.

कळेची खाच झिजली होती. मी तिला तारेनं बांधून ठेवायचो. ती तार सरकली.

कळ पडली.

इंजिन चार वेळा वाजलं आणि बंद पडलं.

एवढंच झालं.

पुढे तिसरा ठोका आला नाही. कुठलाच ठोका आला नाही.

लोक आले, त्यांनी त्याला काढलं. जाळं त्याच्या हाताला आणि शाफ्टाला एकत्र गुंडाळलेलं होतं. सगळे म्हणाले, जाळ्यात अडकला, दम संपला. मी काही बोललो नाही. कोणी विचारलंही नाही. पंचनामा झाला. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, मी अंगठा दिला.

दोन वर्षांनी गावात साक्षरतेचा वर्ग निघाला. तिथे अक्षरं जुळवायला शिकलो. मग पेटीतला तो कागद काढून वाचला. जाळ्यात अडकून, पाण्यात बुडून. पूर्ण कागदात इंजिन हा शब्द नव्हता.

खाली अंगठा माझा होता.

मला रडू आलं नाही. कवडूच्या मौतीलाही आलं नव्हतं. हातापायाला मुंग्या येऊन गेल्यावर जसं बधिर वाटतं तसं मला आतून वाटतं. तेव्हापासून तसंच आहे.

कवडूच्या बायकोचं नाव धुरपता. माझी वहिनी. माझी बायको फार आधी वारली, मूलबाळ नाही. दोन्ही वेळचं जेवण वहिनीकडे. तिला सोडून मला कोणी नाही. तिला खरं कळलं तर ती मला ताट वाढणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून गप्प होतो.

नाव काठावर उलटी पडून होती. वहिनीचं चार एकर शेत पलीकडे. ती गाडीवाल्यांना विनवण्या करत पुलावरून जायची. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये जेवताना ती म्हणाली, "भाऊजी, नाव सुधरवा. नाईतर यंदा मी शेत दुसऱ्याले बटईनं देऊन टाकतो."

मी म्हटलं, इंजिन जाम झालं असेल.

ती म्हणाली, "तुम्हीबी जामच झाले आहे. तरी जेवता ना?"

म्हणून मी कामाला लागलो.

नाव सरळ केली. चार ओंडक्यांवर उचलून ठेवली, म्हणजे पंख्याखाली माणूस शिरू शकेल. पिस्टन गंजून बसला होता. वरून राकेल ओतून पाच दिवस भिजत ठेवला. मग लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू मारत सोडवला. वर्ध्याहून नव्या रिंगा आणल्या. शाफ्ट ज्यात फिरतो ते बुश लेथवर करून घेतलं. शाफ्ट बाहेर पडतो त्या भोकात ग्रीसमध्ये भिजवलेली सुती दोरी ठासावी लागते, नाहीतर पाणी आत येतं. ती दोरी वहिनीनं वळून दिली. कवडू असतानाही तीच वळायची.

कळेची खाच मी कानशीनं नवीन पाडली. खोल. आता ती हात लावल्याशिवाय पडत नाही. शंभर वेळा करून पाहिलं.

एकोणीस तारखेला शाफ्ट बसवायचा होता. ऊन असं की पत्र्यावर हात ठेववत नव्हता. मी गोणपाट टाकून नावेत बसलो. काठावर टिटव्या ओरडत होत्या. त्या दिवसभर ओरडतात.

शाफ्ट आत सरकवला. हातोडीनं हलकेच मारला.

टिटव्या गप्प झाल्या…

आणि खालून एक ठोका आला.

मी थांबलो. ऊन लागलं की पत्रा तडकतो, हे मला माहीत आहे. पण तडकण्याचा आवाज वेगळा. हा लोखंडावर लोखंडाचा होता.

एक ठोका म्हणजे थांब.

मी शाफ्टाकडे नीट पाहिलं. खाचेतली किल्ली, म्हणजे शाफ्टाला जागेवर धरणारा लोखंडी तुकडा, बसवायची राहिली होती. तसाच ठोकला असता तर नवं बुश फुटलं असतं.

मी किल्ली बसवली.

भीती वाटली का, असं कोणी विचारेल. नाही वाटली. खाली उतरून वाकून पाहिलं. पंख्याखालची माती भेगाळलेली होती. पाणी तिथून दोनशे पावलांवर.

त्या भेगाळलेल्या मातीत ओल होती.

माणूस पाठीवर झोपावा एवढी.

मी परत वर चढलो. काम अर्धं होतं. पट्टा चढवलेला नव्हता. शाफ्टाच्या जोडावर दोन्ही हात ठेवले.

आणि वाट पाहिली. कशाची, ते मला माहीत होतं…

दोन ठोके आले.

या वेळी मी वाकलो. हातानं शाफ्ट फिरवला, जसा तेव्हा फिरवायला हवा होता.

अर्ध्या फेऱ्यात तो अडला. गंजानं अडतो तसा नाही. दुसऱ्या टोकाला कोणी पंखा धरून ठेवावा तसा. मी जोर लावला नाही. नुसता धरून राहिलो. पलीकडून थोडं ओढल्यासारखं झालं. मग सैल सुटलं. शाफ्ट लोण्यासारखा फिरला.

"झालं का गा?" मी विचारलं.

"कोणासंग बोलून राह्यले, भाऊजी?"

वहिनी डबा घेऊन मागे उभी होती. मी म्हटलं, इंजिनासंग.

"ते बोलते का?"

"नाई."

तिनं डबा ठेवला. नावेखाली पाहिलं. ओल तिलाही दिसली असणार. डब्यातली भाकर दोन माणसांची होती. मी एकट्यानं खाल्ली.

तीन ठोके काही आले नाहीत. अंधार पडेपर्यंत बसलो होतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ट्रॅक्टरनं नाव ओढून पाण्यात उतरवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी आणि वहिनी, दोघंच गेलो. पलीकडे तिचं बियाणं न्यायचं होतं. कळ धरायला दुसरं कोणी नव्हतं. मी तिला दाखवलं. म्हटलं, मी सोड म्हटलं की सोडजा.

पट्टा चढवला. हँडल हातात घेतलं. फिरवायला लागलो. वेग आला.

तोंडातून सोड निघेना.

मी फिरवत राहिलो. खांदे भरून आले. वहिनी कळेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होती. शेवटी हँडल सोडलं आणि खाली बसलो.

तिथेच तिला सांगितलं. पट्टा, कंबर, तार, कळ. सगळं. माझा आवाज हलला नाही. दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं सांगितलं.

वहिनीनं पलीकडच्या काठाकडे पाहिलं.

मग म्हणाली, "मले मालूम आहे."

मी वर पाहिलं.

"मी त्या दिवशी तिकडे वावरातच होती. पाण्यावरून आवाज आला. चारदा वाजलं, मंग बंद पडलं. मी म्हटलं, इंजिन सुधरलं. मले खुशी झाली होती."

"मंग इतके दिवस काऊन नाई बोलल्या?"

"तुम्ही सांगान म्हणून." ती कळेकडे पाहत होती. "तुम्ही जेवाले येत राह्यले. मी वाढत राह्यली."

मला काही वाटायला हवं होतं. वाटलं नाही. फक्त हात थंड पडले. जूनच्या उन्हात.

ती म्हणाली, "फिरवा आता."

मी उठलो. हँडलला हात घातला…

खालून ठोका आला.

एक.

दोन.

वहिनीचा हात कळेवरून उचलला गेला. तिनंही ऐकलं होतं. नावेखाली तिथे छातीभर पाणी, आणि त्याचा तळ दिसत होता. खाली कोणी नव्हतं.

"दोनचा काय अर्थ?" तिनं हळूच विचारलं.

मी म्हटलं, कवडू फिरव म्हणते. पण अजून एक आला तर, मी वर आलो म्हणते.

आम्ही वाट पाहिली. बिया उन्हात तापत होत्या. नाव हलत नव्हती.

तिसरा आला नाही.

वहिनीनं पट्टा उतरवला, गुंडाळला आणि पिशवीत टाकला. मग वल्हं माझ्या हातात दिलं.

तेव्हापासून नाव वल्ह्यानंच जाते. इंजिन चालू स्थितीत आहे. रिंगा नव्या, बुश नवं, दोरीतून एक थेंब पाणी येत नाही. लोक हसतात. म्हणतात, रूपराव, एवढं सुधरवलं ते काय पुजायले? मी हसत नाही आणि रागही येत नाही.

पट्टा वहिनीच्या घरी खिळ्याला टांगलेला आहे. ताट ती अजून वाढते. आधी जेवढी बोलायची तेवढीच बोलते.

यंदाही पेरणी झाली. आम्ही दोघं रोज सकाळी पलीकडे जातो. मधल्या पाण्यात आलो की मी वल्हं उचलून धरतो. ठरवून नाही, हात आपोआप थांबतात. टिटव्या तिथे ऐकू येत नाहीत.

मग खालून येतात.

वहिनी समोरच्या फळीवर बसलेली असते. ती बोटांवर मोजते. एक बोट मिटते. दुसरं मिटते.

तिसरं तसंच उभं राहतं.

थोडा वेळ आम्ही दोघं त्या बोटाकडे पाहतो. मग मी वल्हं पाण्यात घालतो.