चार बोटं वर

कनीज रडतच ऑफिसात आली. नंदूने पाण्याचा ग्लास पुढे केला आणि वहिनींकडे पाहिलं. आखातातल्या या शहरात, बिन महमूद भागात, खासगी चौकशीचं ऑफिस चालवायचं सुहासिनीवहिनींनी. नंदूने फक्त गाडी हाकायची.

"आमच्या ह्यांना चोर ठरवलाय, ताई. उद्या काढतील. व्हिसा गेला की सुमैयाची शाळा गेली. तिचं दहावीचं वर्ष आहे हो."

तिचा नवरा कमाल समैस्माजवळच्या एका खासगी रायफल रेंजवर स्टोअरकीपर होता. मालकांच्या, म्हणजे अरबाबच्या, शिकारी रायफलीला कुठलं काडतूस मानवतं ते पाहायला पाच कंपन्यांची काडतुसं झाडून झाली. एकाची भोकं करक चहाच्या पेल्याच्या तोंडात मावतील इतकी जवळ पडली. तीच पेटी कमालने जपली. शनिवारी दुपारी पाहुण्यांसमोर मात्र त्यातल्या तिन्ही गोळ्या चुकल्या. चांगला माल विकून रद्दी भरली, असा ठपका आला.

रविवारी सकाळी वहिनी आणि नंदू रेंजवर पोहोचले.

"दोन्ही वेळा मीच झाडली," मॅनेजर मुदस्सिर म्हणाला. "तीच रायफल, तेच तीनशे मीटर. तिन्ही चार बोटं वर!"

वहिनींनी निशाणाचे दोन्ही कागद, चाचणीचा आणि शनिवारचा, एकमेकांवर धरले. भोकं दोन्हीकडे सारखीच दाट होती.

"स्टोअरची किल्ली माझ्याचकडे असते," कमाल म्हणाला.

अरबाबचा ड्रायव्हर रहमान अलिबागकडचा. "काल सकाळी नऊला पेटी गाडीत ठेवली, मॅडम. अरबाब दोस्तांच्या मजलिसमध्ये, त्या एसी बैठकीत, गेले. रायफल दाखवायला आत नेली. बारापर्यंत मी सावलीत उभा."

"आणि पेटी?"

"गाडीतच, उन्हात. गाडीतल्या पेटीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम आहे. मी कसा उचलू?"

"आणि काल रात्रभर ती कुठे होती?"

"माझ्या एसी ऑफिसात, कुलपात," मुदस्सिर म्हणाला.

"मग बारा वाजता त्यातलीच तीन झाडा."

नंदूच्या डोक्यात काहीच शिरलं नव्हतं. बाराला तीन बार झाले. तिन्ही भोकं मधोमध होती.

"रद्दी भरली असती तर आजही चुकली असती," वहिनी म्हणाल्या. "शिवाय कालची भोकं विखुरलेली नव्हती. सगळा घोळका तसाच, फक्त वर सरकलेला. म्हणजे काडतूस तेच, हात तोच. काल रायफल थंड खोलीत होती, तापली ती फक्त पेटी; आज पेटीही एसीतूनच आली. सप्टेंबरात बंद गाडीत तीन तास! काडतुसातली तापलेली दारू गोळीला जास्त जोराने ढकलते, गोळी कमी खाली येते आणि वर लागते. चोरी झालीच नाही, मुदस्सिरभाई."

नंदूला टाळी वाजवावीशी वाटली. मुदस्सिर मात्र घाम पुसत होता.

"मानलं, ताई. पण पाहुण्यांसमोर शोभा झालीय. रिपोर्टात जबाबदार म्हणून नाव लागतं. अरबाबचं मी लिहू शकत नाही. मग रहमानचं लिहू?"

रहमानला तिसरी मुलगी होऊन महिनाही झाला नव्हता.

"हुकमाचा ताबेदार तो," वहिनी ताडकन म्हणाल्या. "त्याचा काय दोष?"

"दोष कुणाचाच नाही. पण नाव लागतं, आणि ज्याचं लागतं त्याची नोकरी जाते."

"माझं लिवा," कमाल म्हणाला. "उन्हात ठेवू नका, असं मी सांगायला हवं होतं. चोर नको, निष्काळजी लिवा."

वहिनी तासभर भांडल्या. शेवटी मुदस्सिरने कमालने सांगितलं तेच लिहिलं.

परतताना कनीजचा फोन आला. वहिनींनी तो नंदूच्या हातात दिला. असं त्यांनी आजवर कधी केलं नव्हतं.

"चोर नाही ना ठरले, भाई?"

"नाही, कनीजताई. चोरी झालीच नव्हती."

"अल्लाचे उपकार! मग उद्या सुमैयाची फी भरून टाकू ना?"

नंदूने गाडी कडेला घेतली.