तिसरा कौल

पोलीस चौकीच्या दारात आपण कुणाच्या प्रेमात पडू, असं मान-निंगला कुणी आधी सांगितलं असतं, तर ती पोट धरधरून हसली असती. पण झालं नेमकं तेच.

यूली गावाची ती चौकी भातशेतांच्या कडेला आहे. दारात सायकलवाल्यांसाठी हवेचा पंप, आत थंड पाण्याची टाकी, आणि टाकीशेजारच्या खुर्चीत पेंगणारे हवालदार ये काका. वसंतातली संध्याकाळ होती, शेतांत पाणी भरलेलं होतं, आणि त्या पाण्यात अख्खा डोंगर उलटा पडला होता. मान-निंगने पंप हातात घेतला, पण तो उलटा डोंगर बघितला आणि फोटो काढायला चार पावलं पुढे गेली. वळते तो काय, एक उंच मुलगा तिचा पंप आपल्या चाकाला लावून बसलेला!

"ओ! पंप आधी मी घेतला होता."

"घेतला होतास. वापरत नव्हतीस," तो मान वर न करता म्हणाला. "पंप काय डोंगराला लावायचा होता?"

खुर्चीतून खो-खो हसण्याचा आवाज आला. म्हणजे ये काका पेंगत नव्हतेच.

"तुझ्या चाकात हवा भरून काही उपयोग नाही," मान-निंग फणकारली. "टायरमध्ये काच आहे. गल्लीच्या टोकापर्यंतसुद्धा पोचायचा नाहीस."

आता त्याने मान वर केली. डोळे हसरे, आणि कपाळावर ग्रीसचा पट्टा. त्याने टायरवरून बोट फिरवलं – खरंच काच होती.

"तुला कसं दिसलं?"

"मला सगळं दिसतं," ती म्हणाली. आणि मग तिला दिसलं की आपले कान तापलेत.

दुसऱ्या दिवशी शाळेत कळलं, की तो जुइ-यांग. तिच्या वर्गातल्या जिया-हुईचा आतेभाऊ. आईवडील कामासाठी व्हिएतनामला गेले म्हणून शाळेचं शेवटचं सत्र मामाकडे काढायला आलेला. शेवटचं सत्र... म्हणजे उन्हाळा सरला की हा जाणार. मान-निंगने हे ऐकलं त्याच क्षणी मनात काहीतरी खट्टकन तुटलं. अजून नीट ओळखही नव्हती, आणि विरह सुरू!

सायकलची सहल काढायची ही कल्पना मात्र त्याची.

"या बेटावर जन्माला येऊन सायकलने दूर गेला नाही तो मनुष्य कसला?" चौकीच्या बाकावर नकाशा पसरत तो म्हणाला. "चार दिवस. मोठ्या रस्त्याला चाकसुद्धा लावायचं नाही. शेतांमधून, कालव्यांच्या कडेने, सुपारीच्या बागांमागून... जिथे ट्रक नाही, हॉर्न नाही."

"आणि मी?" जिया-हुईने विचारलं.

"तू पाहिजेसच. तू नसलीस तर हिची आजी मला सुपारीच्या झाडाला बांधेल."

मग काय, रोज शाळा सुटली की तिघं चौकीत. ये काकांनी तर बाक सावलीत ओढून दिला. नकाशावर तीन डोकी, आणि दोन डोक्यांचं भांडण.

"आधी डोंगर ओलांडून समुद्र गाठायचा. मग किनाऱ्याने खाली," मान-निंग म्हणायची.

"वारा कुठून येतो उन्हाळ्यात? दक्षिणेकडून. तोंडावर वारा घेऊन जाणार? आधी दरीने खाली, डोंगराच्या आडोशाने. छी-शांगला भाताचा डबा, लू-येला चहा, ताइ-तुंगला सीताफळं. मग समुद्राने वर. वारा पाठीशी."

"म्हणजे समुद्र शेवटी?"

"चांगली गोष्ट शेवटी ठेवावी."

"मी जेवताना आवडीचं आधी खाते."

"म्हणूनच तुझं ताट बघून कुणाला कळत नाही तुला काय आवडतं," तो म्हणाला आणि तिच्याकडे बघतच राहिला... पापणी न लववता. जिया-हुईने छताकडे पाहिलं. ये काकांनी उगाचच शिट्टी वाजवली.

मान-निंगने बोट नकाशावर टेकवलं. समुद्राच्या बाजूला एक बारीकशी वाट होती, मोठा रस्ता सोडून ज्वारीच्या आणि भाताच्या पट्ट्यांमधून थेट लाटांपर्यंत उतरणारी. तिथे. तिसऱ्या दिवशी. जिया-हुई नेहमीसारखी मागे पडेल, वारा पाठीशी असेल, आणि तेव्हा सांगून टाकायचं. काय सांगायचं ते तिला तोंडपाठ होतं. भात परतताना, अंघोळ करताना, गणिताच्या तासाला ती तेच घोकत होती. फक्त ती वाट यायची बाकी होती.

जुलैभर तिच्या शाळेचे उन्हाळी वर्ग. सप्टेंबरात तो बेटाच्या पार दुसऱ्या टोकाला, कीलुंगला, समुद्रविद्येच्या कॉलेजात. मधे ऑगस्टचा एकच आठवडा तिघांनाही मोकळा होता. तिघांनी फोनमध्ये तारखा कोरल्या, जास्तीच्या ट्यूब घेतल्या, ब्रेक घट्ट केले, देवळांच्या यात्रेकरूंच्या खोल्यांत फोन करून रात्रीची सोय पक्की केली. पाऊस बघितला, वारा बघितला, वादळाचे अंदाज बघितले. सगळं बघितलं!

एवढं मात्र बघायचं राहिलं.

आदल्या आठवड्यात आमा – मान-निंगची आजी – रताळ्याच्या पाल्याची भाजी वाढत होती. "निघताय कधी म्हणालीस?"

मान-निंगने तारीख सांगितली. आमाचा डाव हवेतच थांबला. तिने भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान उचललं, मग पुढचं, मग त्याच्या पुढचं.

"अगं, सातवा महिना लागतोय त्या दिवशी! दार उघडायच्या दिवशी घराबाहेर पडणार तुम्ही?"

चांद्र सातवा महिना. भुतांचा महिना! त्या महिन्यात खालचं, पाताळाचं दार उघडतं, भुकेले जीव वर येतात, आणि पाण्यात बुडून मेलेले तर कुणाला तरी आपल्या जागी ओढायला टपलेले असतात. फोनला हे कुठून कळणार? फोनला आजी नसते.

"आमा, आम्ही पोहणार नाही. नुसतं बाजूने..."

"समुद्राच्या बाजूने! वर देवळातल्या परक्या खोल्यांत झोपणार! नाही म्हणजे नाही. पुढच्या महिन्यात जा."

"पुढच्या महिन्यात तो नसेल!"

निघालंच तोंडातून. आमाने डाव खाली ठेवला आणि नातीकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "मी नाही म्हणून तू ऐकायची नाहीस. माझूदेवीला विचारू. ती समुद्राची आई. ती हो म्हणाली, तर मी कोण अडवणारी? उद्या सकाळी. आणि त्या मुलालाही आण. कुणाबरोबर जातेयस ते देवीला दिसू दे."

सकाळचं देऊळ उदबत्त्यांच्या धुराने भरलं होतं. जुइ-यांग धुतलेला शर्ट घालून आला होता, इस्त्री केलेला! जिया-हुई खांबाला टेकून उभी. मान-निंग उशीवर गुडघे टेकून बसली. हातात लाकडाच्या दोन लाल चंद्रकोरी, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर पडली की होकार. दोन्ही फुगीर वर, तर नकार. दोन्ही सपाट वर, तर देवी नुसती हसली. आणि मोठ्या कामाला होकार लागोपाठ तीनदा यावा लागतो.

"नाव, पत्ता, आणि काम. स्पष्ट सांग," आमा म्हणाली.

"मी त्साय मान-निंग. यूली, कालव्याजवळचं घर. देवी, आम्ही चार दिवस सायकलने जाऊ का?"

कोरी खळ्ळकन पडल्या. दोन्ही सपाट वर.

"हसली," आमा म्हणाली. "पुन्हा विचार."

पुन्हा विचारलं. देवी पुन्हा हसली. तिसऱ्यांदाही तेच. खांबाशी जिया-हुईला हसू आवरेना.

"असं का करतेय ती?" मान-निंग रडकुंडीला आली.

"कारण तू तिला खरं सांगत नाहीयेस," आमा शांतपणे म्हणाली. "सायकलने तर तू शाळेतही जातेस. हे काय विचारणं झालं? काय हवंय ते सांग. तिला माहीत असतं, पण आपण म्हणावं लागतं."

शेजारी, अगदी हातभर अंतरावर, इस्त्रीचा शर्ट. समुद्राची वाट नाही, पाठीशी वारा नाही. समोर देवी, मागे आजी. आणि इतके दिवस घोकलेलं एक अक्षरही आठवेना!

मान-निंगने डोळे मिटले. आत्ता बोललं नाही, तर कधीच नाही.

"देवी... मला सायकलचं काही नाही. मला जुइ-यांगबरोबर जायचंय. तो जाणार आहे. मला तो आवडतो. पंप घेतला माझा, तेव्हापासून. तो गेल्यावर मी काय करू मला माहीत नाही, म्हणून आधी चार दिवस मला हवेत. एवढंच... द्याल का?"

तिने कोरी सोडल्या. डोळे उघडायची हिंमत होईना. आमाचा निःश्वास ऐकू आला, तेव्हा उघडले.

दोन्ही फुगीर बाजू वर.

नकार. स्पष्ट, लख्ख, जराही न हसता दिलेला नकार.

तिने कोरी उचलल्या. सगळं सांगून बसले आणि हाती काहीच नाही! तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता भुतांचं दार उघडावं आणि आपण त्यात उडी मारावी.

तेवढ्यात शेजारच्या उशीवर गुडघे टेकले. एक हात पुढे आला.

"दे," जुइ-यांग म्हणाला. "मलाही विचारायचंय."

त्याने कोरी घेतल्या आणि काहीतरी पुटपुटला.

"मोठ्याने," आमा म्हणाली. "देवी बहिरी नाही, मी आहे."

त्याने घसा खाकरला. नजर थेट देवीवर, मान-निंगकडे मुळीच नाही. पण कान... कान देवीच्या शालूसारखे लालबुंद.

"मी कुओ जुइ-यांग. राहणार मामाकडे, महिन्याभराने कीलुंगला. ही आत्ता जे म्हणाली ते... माझंही तेच आहे. पंपाच्याही आधीपासून. ती डोंगराचा फोटो काढत होती, तेव्हापासून. पंप काय, मला लागतच नव्हता." त्याने कोरी ओंजळीत धरल्या. "या महिन्यात नको म्हणालात, नाही जाणार. हिवाळ्याच्या सुट्टीत मी परत येईन. तेव्हा आम्हाला जाऊ द्याल?"

खळ्ळ! एक सपाट, एक फुगीर.

"होकार!" जिया-हुई ओरडली.

त्याने कोरी उचलल्या, तोच प्रश्न, तितक्याच मोठ्याने. खळ्ळ. एक सपाट, एक फुगीर.

त्याने कोरी उचलल्या, कपाळाला लावल्या, आणि... परडीत परत ठेवून दिल्या.

"अरे, तिसरा?" आमा गरजली. "देवाचं काम अर्धवट सोडतोस?"

"तिसरा मी परत आल्यावर टाकीन, आमा."

"देवळात उधारी चालत नाही, बाळा!"

"उधारी नाही." तो पहिल्यांदाच मान-निंगकडे वळला, आणि त्याचा आवाज एकदम हळू झाला. "आत्ता टाकला आणि होकार आला तर सगळं पूर्ण होईल. मी निवांत होईन. निवांत माणसाला यायला उशीर होतो. देवाचं काम अर्धं टाकून गेलेल्याला झोप लागत नाही."

आमाने परडी उचलून देवीच्या पायाशी सरकवली, आणि "चला, नाश्ता करा," एवढंच म्हणाली.

तो गेला. स्टेशनवर मामा-मामी, जिया-हुई, ये काकासुद्धा. एवढ्या माणसांत काय बोलणार? गाडी सुटताना त्याने खिडकीच्या काचेवर तळवा टेकवला. मान-निंगने हात वर केला खरा, पण तो कुठे ठेवायचा ते तिला समजेना. गाडी गेली तरी तो तसाच वर.

मग भुतांचं दार बंद झालं. भात पिकला, कापला गेला. रिकाम्या शेतांत मोहरी फेकली, आणि सगळी दरी पिवळी होऊ लागली. दर रविवारी मान-निंग सायकल काढते. त्यांनी ठरवलेल्या वाटेने दक्षिणेकडे निघते, कालव्याच्या कडेने, सुपारीच्या बागेमागून. पुढे एक वळण येतं. तिथे ती ब्रेक दाबते.

परवा तिथे उभी होती आणि फोन वाजला.

"कुठे आहेस?" त्याच्या आवाजामागे पाऊस होता. कीलुंगला सदा पाऊस असतो म्हणे.

"वळणावर."

"ते सुपारीच्या बागेपुढचं?"

"हं."

"वळणापलीकडे काय दिसतं गं?"

एका पायावर सायकल तोलत मान-निंगने पुढे पाहिलं. मोहरीचा वास येत होता. वाट डावीकडे झुकत होती आणि झाडांआड नाहीशी होत होती. चार पावलं टाकली असती तर सगळं दिसलं असतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "मी इथूनच परत फिरते."

"...मान-निंग."

"काय?"

"थांब हं. बघू नकोस. मी येतोय."